शिळं पापलेट

"मावशी, पापलेट शिळं आहे," म्हणत गिऱ्हाइकानं नाकाला रुमाल लावला आणि ते पुढच्या टोपलीकडे गेलं. त्या सकाळचं हे चौथं.

भामाला स्वतःला वास येत नव्हता. मेंदूखालची गाठ मुंबईच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून काढली, त्याला वर्ष होत आलं होतं. गाठ गेली, तिच्याबरोबर वासही गेला. तीस वर्षं पनवेलच्या बाजारात बसलेली कोळीण, आणि तिला साधा बांगडा हुंगता येईना. देवालाही थट्टा करायला हीच सापडली.

तिनं कल्ले उघडून पाहिले. लालभडक. डोळेही चकचकीत. तरी नेहमीप्रमाणे पापलेट तिनं शेजारी बसलेल्या नवऱ्यापुढे, प्रभाकरपुढे धरलं.

"बगा."

त्यानं हुंगल्यासारखं केलं. "मारतंय गं."

तिनं सगळी टोपली उकिरड्यावर ओतली. मग दादूला फोन लावला. दादू तिचा सख्खा भाऊ. मोऱ्याच्या बंदरावरून रोज तोच मासळी पाठवायचा.

"बहिणीच्या गळ्यात सडकं मावरं बांधतोस? उद्यापासून नको तुजं. भाऊबीजेला पन येऊ नको."

"आजचंच हाय गो, तुजी शपत," दादू म्हणत राहिला. तिनं फोन ठेवला. त्या दिवशी तिला घास गेला नाही.

भाऊबीज कोरडी गेली. मासळी आता दुसऱ्याकडून यायची, तरी रुमाल नाकाला लागतच होते. मग डोळ्यामागे ठणका सुरू झाला, तेव्हा कुठे प्रभाकर तिला नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी नाकात दुर्बीण घातली आणि खुर्ची जरा मागे सरकवली.

"ऑपरेशनच्या जागी हाडाला सूज आलीय. हाड कुजायला लागलंय. वेळेत आला असतात तर औषधांवर भागलं असतं. आता पुन्हा ऑपरेशन." मग ते प्रभाकरकडे वळले. "यांना वास कळत नाही, ठीक. पण नाकातून ही घाण सहा महिने तरी येत असणार. घरात कुणालाच कळलं नाही?"

प्रभाकर खाली बघत म्हणाला, "कळत व्हतं. पन बायकोला असं तोंडावर कसं सांगायचं? लाजंल बिचारी. म्हून मावऱ्यावर ढकललं."

भामानं डोळ्याला पदर लावला. बोलली तेव्हा आवाज मात्र कोरडा होता.

"माजी लाज राखलीत तुमी. आन् भाऊ माज्याच हातानं तोडून घेतलात."