हिलवान

हियामने कुनाफ्याचं ताट प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलं.

"हिलवान आहे, डॉक्टरबाई. आनंदाची बातमी देईल त्याचं तोंड आधी गोड करायचं. सही तुमचीच होती ना? आणि इरबिदहून आणलाय हं. तुमच्या अम्मानचा कुनाफा म्हणजे नुसता पाक!"

डॉक्टर रुदैनाने पडद्यावरून नजर काढली नाही.

दोन आठवड्यांपूर्वी रिपोर्टवर तिनेच सही केली होती. हियामने भावाला, निदालला, आपली अस्थिमज्जा दिली होती; त्याच्या रक्तात आता सगळ्या पेशी बहिणीच्या. त्याची स्वतःची, कॅन्सरवाली, एकही नाही. आईवडील एकमेकांची चुलत भावंडं, त्यामुळे या दोघांच्या जनुकांतल्या खुणा जवळजवळ सारख्याच. हाताशी सोपी अशी एकच होती, पुरुषाची खूण, वाय गुणसूत्र. ती दिसली तर पेशी भावाची, नाही दिसली तर बहिणीची. दिसली नव्हती.

"निदाल काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणतो, माझ्यातला पुरुष संपला, आता मला बायकांत बसवा. मी म्हटलं, गाढवा, आधी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या वळायला शीक!"

एरवी रुदैना हसली असती. परवा वॉर्डातून पुन्हा रक्त आलं होतं, पेशींची संख्या घसरली म्हणून. या खेपेला तिने हट्टाने शोधून शोधून दोघांत वेगळी असलेली आणखी एक खूण काढली. ती पडद्यावर होती. निदालची. चांगली ठसठशीत.

"हियाम, बस जरा."

"बसायला वेळ कुठंय, त्याचं जेवण..."

"बस गं."

हियाम बसली.

"आजार परत आलाय. येताना कॅन्सरच्या पेशींनी पुरुषाची खूण टाकून दिली, आणि मी तेवढीच बघत बसले."

"म्हणजे ते माझं रक्त नव्हतं?"

"थोडं तुझं. बाकी आजाराचं."

"मग परत घ्या. लागेल तेवढं घ्या."

"दुसऱ्यांदा त्याला झेपणार नाही. आधी कळलं असतं तरी काही..." रुदैना थांबली. पुढचं खोटं होतं. एक खोटं तिच्या सहीने आधीच जाऊन बसलं होतं, आणि त्याची तिला आतून किळस येत होती.

हियामचा फोन वाजला. तिने सवयीने आवाज मोठा केला.

"खाल्ला का गं डॉक्टरबाईंनी?" निदाल विचारत होता. "की नाक मुरडलं?"

हियाम रुदैनाकडे बघत राहिली. मग एका हाताने तिने ताट पुढे सरकवलं.

रुदैनाने बोटांनीच तुकडा तोडला आणि तोंडात घातला.

"खाल्ला रे," हियाम म्हणाली. "आणखी मागतायत."