वस्तादाचा हात

"तुमच्या हुन्नरापायी माही कोंबडी मरनार नाई. भाज्या घाला," असं सांगून कस्तुराबाई चुलीपासून दोन हात लांब, पाय पसरून बसली. नवरा रांधतोय आणि आपण बघतोय, असा दिवस लग्नानंतर पहिल्यांदाच उगवला होता. तो वाया घालवायचा तिचा विचार नव्हता.

प्रेमसिंगने वाद घातला नाही. पुण्याच्या हॉटेलात आपण वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी होतो, हाताखाली चार माणसं होती, हे तो तांड्यावर परतल्यापासून आठ दिवस ऐकवत होता. आता त्याला मानोऱ्याच्या रस्त्यावर स्वतःचं हॉटेल टाकायचं होतं आणि त्यासाठी कस्तुराबाईच्या सात शेळ्या विकायच्या होत्या. तो तिकडे असताना तिने एकटीने पोसलेल्या शेळ्या. आधी रांधून दाखवा, मग शेळ्यांना हात लावा, असं तिने बजावलं होतं. निवाडा करायला तिचा भाऊ भाऊसिंग आला होता. येताना टेम्पोच घेऊन आला होता, म्हणजे निवाडा काय होणार ते दिसतच होतं.

प्रेमसिंगने ब्रह्मदेशातलं खाव स्वे करायला घेतलं. नारळाच्या दुधाच्या रश्शात नूडल्स. शहरात लोक त्यासाठी रांगा लावतात, असं त्याने मेहुण्याला समजावलं.

कस्तुराबाई मोजत होती. बटाट्याची एक फोड सुपारीएवढी, दुसरी लिंबाएवढी. हळद दोनदा पडली. बेसन कोरडंच टाकलं, मग गुठळ्या पळीने चिरडल्या. नारळाचं दूध तेवढं छान निघालं, कारण ते तिने वाटून, पिळून दिलं होतं. ते त्याने भडकत्या जाळावर ओतलं. दोन उकळ्यांत गोळे एकीकडे, पाणी एकीकडे.

"फाटलं," ती म्हणाली.

"तिकडं असंच करतेत."

"तिकडं म्हंजे कुठं? पुन्यात का ब्रह्मदेशात?"

तो कोथिंबीर चिरत राहिला.

शेंगदाणे, तळलेला कांदा, लिंबाच्या फोडी वेगवेगळ्या वाट्यांत मांडल्या होत्या. ज्याने त्याने आपापलं वरून घालून घ्यायचं. भाऊसिंगने सगळ्याच वाट्या रिकाम्या केल्या. तिखट, आंबट आणि फुकट, हे तिन्ही जमलं की त्याची कशालाच तक्रार नसायची. तीन वाडगे चढवून त्याने मिशा पुसल्या. दाजींच्या हाताला चव आहे, शेळ्या चढवायला हरकत नाही, असं सांगून तो दोर शोधायला उठला.

प्रेमसिंगला आभाळ ठेंगणं झालं. मेहुण्याला हॉटेलचं नाव काय ठेवायचं ते सांगता सांगता त्याने भांडी उचलली. सगळ्यांचं उष्टं एका वाडग्यात, बाकीच्यांची चळत डाव्या हातावर कोपरापर्यंत. मोरीपाशी बसला. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची. वाडगा आतून एक फेर, बाहेरून एक फेर, बुडवला, भिंतीला तिरपा पालथा. पुढचा. नजर भाऊसिंगकडे, तोंड हॉटेलात, आणि हात असे चाललेले की भांड्याला भांडं लागल्याचा आवाज नाही. कस्तुराबाईचा जन्म भांडी घासण्यात गेला होता. एवढ्या वेळात तिची तीन झाली नसती. त्याची अकरा झाली.

ती उठून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तिकडे भाऊसिंगने पहिली शेळी ओढून टेम्पोत चढवली होती, ती ओरडत होती.

प्रेमसिंगने मान वर केली. ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती कुठे पाहतेय ते त्याने पाहिलं, आणि पुढचं पातेलं त्याने दोन्ही हातांनी, कधी भांड्याला हात न लावलेल्या माणसासारखं धरलं. घासणी निसटली. पाणी मांडीवर सांडलं. पातेलं दगडावर खणकन आपटलं.

"भाऊ, उतरव तिले," कस्तुराबाईने मागे न वळता सांगितलं.

मग तिने रश्शाची करपलेली कढई पायाने त्याच्यापुढे सरकवली.

"मघासारखं घासा नं. मले बी शिकू द्या."