आबांची चाल

वाळूच्या कणाहून बारीक नॅनो-संगणक सुकन्याच्या प्रयोगशाळेने बनवले होते. सीमेवर पसरले की नुसत्या चालीवरून 'आपला' कोण आणि 'शत्रू' कोण, हे ते स्वतःच ठरवणार होते. चाचणीसाठी तिने ते आष्टीजवळ, आपल्या गावच्या माळावर पसरले आणि 'आपला' म्हणून पहिली चाल शिकवली ती मेंढरांमागून जाणाऱ्या तिच्या वडिलांची, आबांची.

आबा दिवाळीनंतर वारले.

आज सैन्याचे अधिकारी पुण्यात तिच्यासमोर बसले होते. पुढच्या दहा वर्षांची गुंतवणूक इथेच ठरणार होती. भरदुपारी माळाशी जोडलेल्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'एक माणूस. आपला.'

तिने भावाला फोन लावला. "सोमेश्वर, माळावर कोण हाय रे?"

"कोनीच न्हाई, ताई. वस्तीवरनं समदा माळ दिसतोय मला. मेंढरंबी घरीच हायत."

"जुनी नोंद राहिली असेल," अधिकारी म्हणाले. "ती पुसा, म्हणजे आजच मंजुरी देऊ."

सुकन्याने आबांची चाल पुसून टाकली. पडदा कोरा झाला. अधिकाऱ्यांनी समाधानाने मान हलवली आणि सहीसाठी पेन काढलं.

 

तेवढ्यात पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटली, 'एक माणूस. शत्रू. वस्तीकडे येतो आहे.'