चावी सापडत नाही

"गाडी धुताना तूच आत पाणी घातलंस. उद्यापासून येऊ नकोस," मालकाने माझ्या गॅरेजात, चारचौघांत, म्हाताऱ्या ड्रायव्हरला सुनावलं. ओढून आणलेली गाडी बटण दाबूनही ढिम्म. पडद्यावर 'चावी सापडत नाही' एवढंच. "माझ्याकडे चावी असताना चालत होती," ड्रायव्हर पुटपुटला. मी बॅटरी तपासली, ठणठणीत. वायरिंगही कोरडं. मग मालकाकडे वळले. "चावी कुठे ठेवता?" "फोनच्या पाकिटात. का?" मी फोनला चिकटलेली चावी काढून ड्रायव्हरला दिली. "बसा काका, दाबा बटण." गाडी पहिल्याच दमात सुरू झाली. "फोनला चिकटली की चावीचा सिग्नल गाडीपर्यंत पोचत नाही, साहेब. पाणीबिणी काही नाही." मालक कसनुसं हसला. "असू दे. चल, घरी सोड मला." काका उतरले. चावी मालकाच्या तळहातावर ठेवली. "फोन दुसऱ्या खिशात ठेवा," म्हणाले आणि पायी चालू लागले.