सामानाकडे लक्ष असू द्या

अनोळखी माणसावर विश्वास ठेवा, असं सांगणारी आपली शॉर्टफिल्म दिग्दर्शकमहाशय कॉफीच्या दुकानात बसून एडिट करत होते. मध्येच पोटात कळ आली. शेजारच्या टेबलावर परमुलखातला दिसणारा एक माणूस होता. महाशय त्याच्याकडे बघून तोंडभर हसले आणि लॅपटॉप काखोटीला मारून संडासात पळाले.

परतले, तर तो माणूस उठला. लॅपटॉप, फोन, पाकीट सगळं टेबलावर तसंच ठेवून महाशयांच्याच भाषेत म्हणाला, "जरा लक्ष ठेवाल? आलोच."

महाशयांना भरून आलं. फिल्मचा शेवटच सापडला की! तो येताच त्यांनी विचारलं, "माझ्यावर एवढा विश्वास कसा हो टाकलात?"

"विश्वास कसला, साहेब! लॅपटॉप संडासात घेऊन जाणारा माणूस राखणीला मिळाल्यावर काळजी कसली?"