मूलबाळ काही?

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या शिवणकारखान्यांत झेबिनिसोला शिवण येतं का हे नंतर विचारत, आधी पोराचं वय विचारत. नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला होता. चार वर्षांच्या सर्दोरला शेजारणीच्या हवाली करून ती आज बासोरत आपांच्या कारखान्यात आली होती.

"मूलबाळ काही?" चहा ओतता ओतता आपांनी विचारलंच. "आधीच सांग हं बाई. लहान पोराची आई म्हणजे आज ताप, उद्या कान दुखतोय. मागच्या बाईच्या पोराला तर नेमकं माल जायच्या दिवशीच जुलाब व्हायचे!"

मशीनवरच्या बाया खळखळून हसल्या. झेबिनिसोही हसली.

"नाही आपा," ती म्हणाली. "मला मूल नाही."

"अगं, मग उद्यापासूनच ये की!"

कामाचं ठरलं की आपा दुआ मागितल्याशिवाय कुणाला उठू देत नसत. मशिनी थांबल्या. सगळ्यांनी हात पसरले, तसे झेबिनिसोनेही पसरले. आपांनी डोळे मिटले आणि त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "या खोलीत आज बोललेला प्रत्येक शब्द अल्लाह खरा करो."



सगळ्याजणींनी "आमीन" म्हणत चेहऱ्यावरून हात फिरवले. सर्दोरच्या आईचे हात तेवढे तसेच हवेत राहिले.