मोठी भाकरी

वरदने पिशवीतून तीन भाकऱ्या काढून मालूच्या घराच्या ओटीवर मांडल्या. लहान, मध्यम, मोठी. तिन्ही रबराच्या. मुंबईच्या संस्थेने विचुंबे गावाच्या आहार पाहणीसाठी त्या खास करवून घेतल्या होत्या. काल जेवताना खाल्ली तेवढ्या भाकरीवर मालूने बोट ठेवायचं, वरदने फॉर्मवर खूण करायची. तासाला चार घरं व्हायला हवीत, असं वरच्यांचं म्हणणं होतं.

कोंबडीने मोठीला चोच मारून पाहिली आणि अपमान झाल्यासारखी निघून गेली.

मालूने तिन्ही भाकऱ्या उलटसुलट करून बघितल्या आणि विचारलं, ही पाहणी कशाला? वरद नवा होता, त्याने खरं सांगून टाकलं. इथली भातशेती गावाचं पोट भरते की नाही, ते अहवालात जाणार. भरत नसेल, तर जमीन नव्या शहराला द्यायला हरकत नाही, असं ठरणार. मालूच्या शेतात मोजणीवाल्यांच्या खुंट्या आधीच ठोकून झाल्या होत्या.

"यात माजी भाकरी नाय," ती म्हणाली.

मोठीच्या पुढे रकानाच नाही मावशी, वरदने समजावलं. मोठीवरच खूण करू, कोणाला कळणार आहे?

"मला कळंल ना."

ती चुलीकडे गेली. वरदने घड्याळाकडे पाहिलं, मग कोंबडीकडे, मग भाकरी थापल्याचा आवाज ऐकत बसला. बराच वेळ थापणं चाललं होतं.

तांदळाची भाकरी आली ती ताटाबाहेर लोंबत. मालूने फॉर्म ओटीवर पसरला, त्यावर भाकरी ठेवली आणि विझलेला कोळसा वरदच्या हातात दिला. "काढ कडेकडेनं."

वरदने काढली. कोळसा कागदावरून सारवलेल्या जमिनीवर उतरला, फिरून कागदावर आला, दुसरीकडून परत उतरला. भाकरी उचलली, तर फॉर्मवर वर एक कमान, खाली एक. दोन्ही बगला जमिनीवर. वाफेने सगळे रकाने मऊ पडले होते.

"मावशी, फॉर्मात भाकरी पुरी मावत नाही."

"नाय मावत तर नाय. ज्याला पुरी बगायची हाय, त्यानं हितं यावं. मोजणीवाल्यांना पण सांग."

अर्धी भाकरी खाऊन वरद उठला. त्या तासात त्याचं एकच घर झालं. जमिनीवरच्या काळ्या रेघांना वळसा घालून तो पायरी उतरला.

कोंबडी परत आली, दोन रेघांच्या मधोमध उभी राहिली, आणि सांडलेला भाकरीचा चुरा टिपायला लागली.